गोळी लागल्यानंतर

युद्धपटांची चर्चा बहुतेक वेळा संवादांवरच थांबते. आपल्यासारख्या संकलकांनी आणि ध्वनिसंयोजकांनी मात्र वेगळा प्रश्न विचारायला हवा: जवान पडल्यावर चित्रपट त्याच्यापाशी किती वेळ थांबतो, आणि त्या दुःखाचं पुढे काय करतो? युद्धाकडे पाहण्याची समाजाची नजर कशी बदलली, हे तिथे लख्ख दिसतं.

चेतन आनंद यांचा ‘हकीकत’ 1964 सालचा. बासष्टच्या पराभवाची जखम ओली होती आणि चित्रपटाने ती झाकली नाही. लडाखच्या उजाड डोंगरांत माघार घेणारी, थंडीने काकडलेली माणसं तो दाखवतो. घरच्या आठवणीचं गाणं रफी, तलत, मन्ना डे आणि भूपिंदर अशा चौघांनी गायलं आहे. प्रत्येक जवानाच्या मनातलं घर निराळं, म्हणून आवाजही निराळा. शेवटचं गाणं मृतदेहांवरून सरकत जातं, आणि त्याला पुढे जायची जराही घाई नाही. हरलेल्या देशाला मनमोकळं रडू देणारा हा चित्रपट आहे.

‘बॉर्डर’ (1997) लोंगेवालाच्या विजयाचा. लोकांच्या लक्षात राहिली ती सनी देओलची डरकाळी. पण जे. पी. दत्तांनी शेवट केला तो दोन्ही बाजूंच्या मृतांवर, शत्रूलाही भाऊ म्हणणाऱ्या गाण्याने. टाळ्या वाजवून झालेल्या प्रेक्षकाला त्यांनी ते पाहायला लावलं. हे धाडस आज किती निर्माते करू देतील, याची मला शंका आहे.

‘उरी’ (2019) तंत्रात अव्वल आहे. बिश्वदीप चटर्जी यांना ध्वनिआरेखनाचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं, ते योग्यच होतं. त्यातला अंत्यसंस्काराचा प्रसंग पुन्हा पाहा. वडिलांना निरोप देताना चिमुरडी रडत रडत पलटणीची युद्धघोषणा देते. अंगावर काटा येतोच. पण त्या क्षणी शोक सुडाच्या कामाला लागतो, आणि कथा तडक पुढच्या मोहिमेकडे वळते. मला हा बदल सगळ्यात मोठा वाटतो, आणि तो काळजीचा आहे.

‘प्रेक्षकांना हेच हवं’ हे उत्तर मला पटत नाही. आदल्याच वर्षी मेघना गुलजार यांचा ‘राझी’ आला होता. त्यातली गुप्तहेर कामगिरी फत्ते करते आणि स्वतःच्या हातून झालेल्या हत्यांनी कोसळते. तिचं कोसळणं त्यांनी कापलं नाही. तरीही चित्रपट तिकीटबारीवर जोरात चालला.