कोडिंग लेकराचं, वायरिंग बाबाचं... हे आता पुरे!



आज जरा स्पष्टच बोलणार आहे. राग आला तर कमेंटमध्ये काढा, पण आधी शेवटपर्यंत वाचा.

इथे ब्रिटनमध्ये आपल्या घराघरांत हल्ली रोबो बनतात. रास्पबेरी पाय येतो, कॅमेरा येतो, चार पिवळ्या मोटर्स येतात. पायथनचा कोड मूल लिहितं. आणि बॅटरी, वायरी, सोल्डरिंग? ते बाबा करतात, रात्री मूल झोपल्यावर. नाहीतर सगळं आधीच जोडलेलं किट मागवायचं, म्हणजे कटकटच नको. मग फॅमिली ग्रुपवर व्हिडिओ: "आमच्या पिल्लूने रोबो बनवला!"

नाही हो. आपल्या रोबोला वीज कुठून आणि किती मिळते हे ज्या मुलाने स्वतः ठरवलं नाही, त्याने रोबो बनवलेला नाही. दुसऱ्याने बनवलेला चालवलाय.

"अगं, वायरिंग काय, ते वायरमनचं काम. आपल्या मुलांनी कोडिंग शिकावं." हे वाक्य मी किती जणांकडून ऐकलंय! खंडेनवमीला पक्कड-पान्याला हळदकुंकू वाहणारी माणसं आपण, आणि एरवी मुलाने स्क्रू-ड्रायव्हर हातात घेतला की "ठेव ते, लागेल" म्हणतो. हाताच्या कामाला कमी लेखायची सवय आपण विमानात सोबत घेऊन आलोय, आणि आता ती मुलांना देतोय.

बरं, वायरिंग म्हणजे नुसत्या वायरी जोडणं नाही. तो हिशेब आहे. मी सीए आहे, म्हणून हे जास्त टोचतं.

रास्पबेरी पाय ४ ला ५ व्होल्ट, ३ अँपिअरचा पुरवठा लागतो. पाय ५ साठी ५ व्होल्ट, ५ अँपिअर सांगितलेत. ३ चा दिला तर तो चालतो, पण यूएसबीवर जोडलेल्या वस्तूंना मिळून ६०० मिलिअँपिअरच देतो. व्होल्टेज साधारण ४.६ च्या खाली घसरलं की स्क्रीनवर विजेचं चिन्ह येतं, आणि आणखी घसरलं की पाय रीस्टार्ट होतो. आता पाहा: कोड बरोबर आहे, बॅटरी फुल चार्ज आहे, तरी मोटर सुरू झाली की पाय बंद. मूल तीन संध्याकाळी कोडमध्ये चूक शोधत बसतं. चूक कोडमध्ये नसतेच!

आपल्या भाषेत सांगते. बॅटरीवरचे मिलिअँपिअर-अवर म्हणजे शिल्लक. अँपिअर म्हणजे त्या क्षणी हातात येणारी रोकड. वर्षाअखेर नफ्यात असलेली कंपनीसुद्धा पगाराच्या दिवशी रोकड नाही म्हणून अडते. ती पिवळी मोटर सुरू होताना किंवा अडकल्यावर एकेक अँपिअर ओढू शकते. चार मोटर्स एकदम सुरू झाल्या तर? "९ म्हणजे ५ पेक्षा जास्तच की" म्हणून आणलेली ती चौकोनी ९ व्होल्टची बॅटरी तिथे मान टाकते. व्होल्ट आहेत, पण रोकड देण्याची ताकद नाही.

म्हणून खाती वेगळी ठेवायची. बॅटरीतून एक वाट मोटर ड्रायव्हरकडे, दुसरी बक कन्व्हर्टरमधून ५ व्होल्ट होऊन पायकडे. पण ग्राउंड सगळ्यांचं एकच. ग्राउंड जोडलं नाही तर पायने पाठवलेले ३.३ व्होल्ट नेमके कुठून मोजायचे, हे समोरच्या बोर्डाला कळतच नाही.

आर्डुइनो उनो जोडायचा असेल तर आणखी एक. त्याच्या पिना ५ व्होल्टच्या, पायच्या ३.३ च्या. उनोची टीएक्स पिन थेट पायच्या आरएक्सला लावली तर पायची पिन जळू शकते. १ किलोओहम आणि २ किलोओहमचे दोन रेझिस्टर लावले की ५ चे दोन-तृतीयांश, म्हणजे ३.३३ होतात. शाळेतलं गुणोत्तर! नाहीतर सरळ यूएसबी केबलने जोडा.

यातली कुठली गोष्ट "वायरमनचं काम" म्हणून सोडून देण्यासारखी आहे?

"पण लिथियम बॅटरीला आग लागली तर?" ही भीती खरी आहे, ती मी उडवून लावणार नाही. मग सुरुवात लिथियमने करूच नका. मोटर्ससाठी चार्ज होणारे सहा एए सेल (७.२ व्होल्ट), आणि पायसाठी त्याला पुरेल अशी चांगली पॉवर बँक. पुढे लिथियमवर गेलात तर बॅटरीजवळ फ्यूज, योग्य चार्जर, आणि चार्जिंग मोठं माणूस जागं असतानाच. सुट्टीत रोबो आजी-आजोबांना दाखवायला भारतात नेताय? सुट्या लिथियम बॅटऱ्या आणि पॉवर बँक केबिन बॅगेतच, चेक-इनमध्ये नाही. हे नियमही मुलालाच वाचू द्या. धोका लपवून सावधपणा येत नाही.

एक आठवण करून देते. रास्पबेरी पाय २०१२ मध्ये केंब्रिजहून आला, तो तिथे कॉम्प्युटर सायन्सला येणाऱ्या मुलांचा प्रत्यक्ष अनुभव कमी पडतोय हे दिसल्यामुळे. नुसता उघडा बोर्ड. डबा नाही, चार्जर नाही. बाकीचं तुम्ही जमवा! आणि आपण काय करतोय? तोच उघडा बोर्ड पुन्हा झाकून मुलाच्या हातात देतोय.

तर पुढच्या वेळी काही मागवायच्या आधी मुलाला एक कागद द्या. रकाने तीन: वस्तू, किती व्होल्ट, जास्तीत जास्त किती अँपिअर. ५ व्होल्टवाल्यांची बेरीज वेगळी, मोटर्सची वेगळी, वर पाव हिस्सा राखीव. तो कागद पुरा झाला की मगच ऑर्डर.

आणि तुम्ही? तुम्ही फक्त तपासा. आमच्या धंद्यात नियम आहे: ज्याने वह्या लिहिल्या, त्याने त्याच वह्यांचं ऑडिट करायचं नाही. आई-बाबांनी ऑडिटर व्हावं. वह्या मुलाला लिहू द्या, खाडाखोड होऊ द्या, रोबो चार वेळा बंद पडू द्या. पाचव्यांदा चालेल तेव्हा "मी बनवला" हे वाक्य खरं असेल.

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर भांडायला या, चहा ठेवते.