जपलेल्या बंदुकेचा गुन्हा काय ?

लंडनचे पर्डी व हॉलंड अँड हॉलंड किंवा बर्मिंगहॅमचे वेस्टली रिचर्ड्स यांनीं घडविलेल्या जुन्या दुनळी बंदुका व रायफली आपल्या देशांत अजून कित्येक घराण्यांनीं जपून ठेविल्या आहेत. अशा संग्राहकांची बाजू आम्हीं मांडावी हें पुष्कळ वाचकांस विचित्र वाटेल. त्यांस आमची इतकीच विनंति आहे कीं, निकाल देण्यापूर्वीं त्यांनीं कैफियत पुरती ऐकून घ्यावी.

या बंदुकांचें मोल त्यांवरील नक्षींत आहे असा सामान्य समज आहे. खरें मोल आंतील कामाचें आहे. वेस्टली रिचर्ड्स यांच्याकडील अँसन व डीली यांनीं १८७५ सालीं बाहेरचा घोडा काढून तो पेटींत बसविला. १८८० सालीं बीस्ली यानें काढलेली रचना पर्डी यांनीं घेतली व तीच पुढें त्यांची ओळख झाली. दुनळी रायफलीचें काम याहून अवघड. दोन नळ्या नुसत्या शेजारीं जोडल्यानें दोन गोळ्या एका ठिकाणीं लागत नाहींत. गोळी झाडून पाहावयाची, सांधा तापवून नळी केसभर सरकवावयाची, पुन्हा झाडावयाची, असें दोन्ही गोळ्या एकत्र पडेपर्यंत चालावयाचें. जाणता संग्राहक नक्षीपूर्वीं नळीवरील कसोटीचा ठसा वाचतो; कारण काळ्या दारूसाठीं घडविलेल्या दमास्कस नळींत आजचें जोरदार काडतूस घालणें म्हणजे हात गमावण्याची तयारी करणें होय.

या वस्तूंत आमचाही इतिहास आहे. लॉर्ड लिटन यांच्या अमदानींत १८७८ सालीं जो शस्त्रांचा कायदा झाला, त्यानें हिंदी माणसास परवान्याची अट घातली व युरोपियनास मोकळें सोडलें. पुढें विसाव्या शतकाच्या आरंभीं ०.४५० मापाच्या रायफली येथें आणण्यास सरकारनें मनाई केली. कारण त्यांच्या गोळ्या लष्कराच्या जुन्या मार्टिनी-हेन्री रायफलींसाठीं बंडखोरांच्या हातीं पडतील अशी धास्ती होती. तेव्हां इंग्रज कारागिरांनीं ०.४६५, ०.४७० अशीं नवीं मापें काढलीं. राज्यकर्त्यांस प्रजेचें भय किती वाटत होतें याचा लेखी पुरावा दफ्तरांत असेल. लोखंडांतील पुरावा या नळ्यांच्या मापांत आहे.

आतां आजचा कायदा पाहा. १९५९ च्या शस्त्र अधिनियमास २०१९ सालीं दुरुस्ती झाली आणि एका माणसास तीनऐवजीं दोनच बंदुका बाळगण्याची मर्यादा पडली. वारसाहक्कानें आलेल्या बंदुकाही त्याच मर्यादेंत धरल्या. दोहोंहून अधिक असतील त्या पोलीस ठाण्यांत किंवा परवानेवाल्या व्यापाऱ्याकडे जमा कराव्या असें ठरलें. चालत्या शस्त्रांवर मर्यादा असावी हें आम्हांस मान्य आहे; लग्नाच्या मांडवांत हवेंत बार उडविणाऱ्यांचा कैवार आम्हीं घेत नाहीं. परंतु त्याच अधिनियमाचें ४५ वें कलम म्हणतें कीं, पुराणवस्तु म्हणून मोल असलेलें पण दुरुस्तीनेंही चालूं न शकणारें शस्त्र या कायद्याबाहेर आहे. म्हणजे ज्यानें आजोबांची बंदूक गंजूं दिली तो निर्धास्त, आणि ज्यानें तेल देऊन राखली तो अडचणींत ! उलट १९७२ चा पुरावस्तूंचा कायदा गतकाळच्या कलाकौशल्याची साक्ष देणारी शंभर वर्षांची वस्तु खासगी माणसास देशाबाहेर पाठवूं देत नाहीं. एक कायदा वस्तूस राष्ट्राची ठेव म्हणतो, दुसरा तिला ठाण्याच्या कोठडीची वाट दाखवितो.

कोणी म्हणेल, याच बंदुकांनीं आमचीं रानें वाघांवांचून ओस पाडलीं आणि रयतेच्या पैशावर संस्थानिकांनीं चैन केली. मग त्या वितळल्या तर काय बिघडलें? आरोप खरा आहे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानें ती शिकार बंद केली हें उत्तमच झालें. पण पुरावा वितळवून न्याय होत नसतो. ज्या संग्रहालयांत ही बंदूक ठेवाल, तेथेंच तिनें काय केलें याची पाटीही लावा. कारागिराचें कसब आणि मालकाचें पाप हीं दोन्ही लोकांस एकाच जागीं दिसूं द्या.

आमचें मागणें माफक आहे. जमा झालेली जुनी बंदूक नष्ट करण्यापूर्वीं जाणत्याकडून तिची तपासणी व्हावी आणि कारागिराचें नांव, क्रमांक व ठसे यांची नोंद व्हावी. काडतुसें न बाळगतां, कुलपांत व ठराविक तपासणीखालीं संग्रह ठेवूं इच्छिणारास वेगळा परवाना मिळावा. इंग्लंडच्या १९६८ च्या कायद्यांतील ५८ व्या कलमानें केवळ कुतूहल किंवा शोभा म्हणून ठेवलेल्या पुराण्या शस्त्रांस सवलत दिलेली आहे. त्यानें तेथील राज्य बुडालें नाहीं. संग्राहकांसही आमचें सांगणें आहे कीं, लपवालपवी न करितां त्यांनीं आपल्या वस्तूंच्या याद्या कराव्या आणि अभ्यासकांस दार उघडें ठेवावें. दार बंद ठेवून राखलेल्या वस्तूसाठीं लोकांनीं सरकारशीं भांडावें, ही अपेक्षा कोणीं करूं नये.