पुढचा नंबर कोणाचा?

ज्याला गाणं येत नाही तो हॉस्टेलच्या कराओके नाइटला काय करतो? लॅपटॉप सांभाळतो! गेली दोन वर्षं हे पुण्यकर्म माझ्याकडे आहे. बाहेरच्या जगात अशा माणसाला ‘केजे’ म्हणजे कराओके जॉकी म्हणतात. आपल्याकडे ‘ए, माझं गाणं लाव ना’ एवढंच म्हणतात.

या दोन वर्षांत माझं एक मत पक्कं झालंय. आपण सॉफ्टवेअरला शिव्या देतो, पण त्याच्याकडे काही मागत नाही. मागितलंच तर भलतंच मागतो. आणि ‘छोटीशी सोय’ म्हणून आपण जी गोष्ट सोडून देतो, ती कुणासाठी तरी मुळीच छोटी नसते.

हे मला कसं कळलं ते सांगतो. मागच्या कराओके नाइटला यादीत सातव्या नंबरवर एक फर्स्ट इयरचा मुलगा होता. फायनल इयरची मंडळी एकेक करून येत होती आणि ‘आधी आमचं’ म्हणत होती. मीही (सबमिशनला त्यांच्याच फाइली लागतात ना!) नावं वर ओढत होतो. त्या ओढाताणीत त्या मुलाचं नाव डिलीट झालं. सॉफ्टवेअरने ‘नक्की काढू का?’ असं विचारलंसुद्धा नाही. अकरा वाजता रेक्टर सरांनी साउंड बंद करायला सांगितला. वायरी गुंडाळत असताना तो जवळ आला आणि म्हणाला, “दादा, माझं नाव होतं ना यादीत?”

मी हसून वेळ मारून नेली. दुसऱ्या दिवशी त्याच्या रूममेटकडून कळलं, की तो महिनाभर त्या एका गाण्याची प्रॅक्टिस करत होता.

ऑपरेटिंग सिस्टिमच्या पेपरात ‘स्टार्व्हेशन’ची व्याख्या आपण सगळेच लिहितो. जास्त प्रायॉरिटीचे प्रोसेस येतच राहिले, की मागच्याला सीपीयू मिळतच नाही. उपाय पण लिहितो : राउंड रॉबिन करा, नाहीतर जो जितका थांबला तितकी त्याची प्रायॉरिटी वाढवत न्या. माझ्या समोर ती व्याख्या माईकची वाट बघत उभी होती आणि मला ती ओळखता आली नाही!

चूक माझीच होती. पण ती चूक सॉफ्टवेअरने इतकी सोपी का करून ठेवावी? म्हणून मी सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना लिहायला बसलो. पहिला मसुदा म्हणजे निव्वळ भांडण होतं. तो फाडला. दुसऱ्यात काय घडलं, मी काय करत होतो आणि काय असतं तर ते टळलं असतं, एवढंच लिहिलं. मागण्या चार :

१. यादीतून नाव काढण्यापूर्वी विचारा, आणि काढलेलं परत आणायची सोय द्या.

२. पुढची पाच नावं गाणाऱ्यांच्या पडद्यावर दिसू द्या. सगळ्यांसमोर यादी असली, की घुसखोरी करायला जरा लाज वाटते.

३. गाणाऱ्याची पट्टी लक्षात ठेवा. काळी चारमधलं गाणं काळी एकवाल्याला कसं झेपणार? पट्टी खाली-वर करता येते, पण दरवेळी पहिल्या कडव्यात बिचारा किंचाळेपर्यंत आम्हाला आठवत नाही.

४. गाणं शोधताना स्पेलिंगचा हट्ट धरू नका. ‘तू’ कुणी टी-यू लिहितो, कुणी टी-डबल ओ. गाणं फोल्डरमध्ये असतं, आणि आम्ही ‘नाहीये’ म्हणून मोकळे होतो.

पाचवी मागणी मी खोडली. मला रोमन लिपीतले शब्द देवनागरीत दिसायला हवे होते. मग फाइलच्या पोटात काय असतं ते वाचलं. आपण जी एमपी३ आणि सीडीजी अशी जोडी वापरतो, तिच्यातल्या सीडीजी फाइलमध्ये अक्षरं नसतातच! ३०० बाय २१६ पिक्सेलच्या पडद्यावर, एका वेळी फक्त १६ रंगांत, तुकड्या-तुकड्याने काढलेलं ते चित्र असतं. चित्राची लिपी बदला म्हणणं म्हणजे फोटोतल्या माणसाला मान वळवायला सांगणं. मागणाऱ्याने थोडा अभ्यास केला, तर बनवणाऱ्याचा वेळ वाचतो.

सहावी मागणी मित्रांची होती : ‘व्हीआयपी’ बटण, ज्याने कुणालाही गुपचूप पहिल्या नंबरवर नेता येईल. ती मी लिहिलीच नाही. सोय ही पण असते, पण कुणाची? लॅपटॉपवाल्याची आणि त्याच्या ओळखीच्यांची. रांगेतल्याची नव्हे.

काहीजण म्हणतील, ‘गाण्याच्या खेळासाठी एवढा आटापिटा?’ त्यांना एक गोष्ट सांगतो. जपानमधल्या कोबे शहरात दाइसुके इनोउए नावाचा एक वादक होता. एका गिऱ्हाइकाला त्याच्या साथीवरच गाता यायचं. कंपनीच्या सहलीला साथीला चल, अशी त्याने गळ घातली. इनोउएला जाणं जमेना, म्हणून त्याने साथ टेप करून दिली. त्यातून १९७१ साली त्याचं कराओके यंत्र आलं. त्याने पेटंट घेतलं नाही, आणि २००४ मध्ये त्याला शांततेचं ‘इग नोबेल’ मिळालं. म्हणजे या खेळाच्या मुळाशीच एका बेताच्या गायकाची अडचण आहे, आणि ती ऐकून घेणारा एक माणूस!

उद्या आपणच सॉफ्टवेअर बनवणार आहोत. तेव्हा ‘युजरला काय कळतं’ म्हणण्याआधी आपला सातव्या नंबरचा माणूस आठवावा, एवढंच माझं म्हणणं.

माझ्या पत्राला अजून उत्तर नाही. तोवर मी यादी कागदावर लिहून भिंतीला चिकटवतो. खोडायचं झालं तर सगळ्यांच्या देखत. त्या मुलाला म्हटलं, “या वेळी पहिलं गाणं तुझं.” तो म्हणाला, “नको दादा, नंबर आला की गाईन.”