कुठला ऑर्केस्ट्रा घेऊ?

चित्रपटसंगीताच्या वाटेला नव्याने लागलेल्या मुलामुलींचा हल्ली पहिला प्रश्न चालीबद्दल नसतो. तो असतो, "कुठली लायब्ररी घेऊ?" मी दिवसा एका कंपनीत कोड लिहितो आणि रात्री किंवा रविवारी एकांकिकांना, शॉर्टफिल्म्सना पार्श्वसंगीत देतो. एवढ्या भांडवलावर लोक मला तज्ज्ञ समजतात. या वर्षात तिघांनी हा प्रश्न विचारला. त्यातली एक आमच्या घरातलीच. पहिल्या नोकरीतले साठ हजार बाजूला टाकून ती नोव्हेंबरातल्या सेलची वाट बघत बसली आहे. तिला फोनवर तुटक तुटक जे सांगितलं ते इथे सलग लिहितो. मत माझं आहे. पटलं नाही तर भांडायला या :)

आधी घरच्या मंडळींसाठी थोडक्यात. (बाकीच्यांनी हा परिच्छेद सोडून पुढे जावं.) इथे लायब्ररी म्हणजे पुस्तकांची नव्हे. व्हायोलिन, चेलो, बासरी, ट्रम्पेट अशा प्रत्येक वाद्याचा एकेक सूर खऱ्या वादकांकडून वाजवून घ्यायचा, हळू, मध्यम, जोरात, लांब, तुटक, बोटाने छेडून, आणि रेकॉर्ड करायचा. असे हजारो तुकडे कॉम्प्युटरमध्ये भरायचे. मग समोर कीबोर्ड घेऊन पट्टी दाबली की तो तुकडा वाजतो. थोडक्यात, ऑर्केस्ट्राच्या फोटोंचा अल्बम. फोटो कितीही झकास असले तरी अल्बममधून लग्न पुन्हा लावता येत नाही, हे मात्र लक्षात ठेवायचं.

माझं म्हणणं एका वाक्यात असं: सुरुवात करणाऱ्याने पैसे न देता मिळणारा, लहान पण पूर्ण, आणि एकाच खोलीत रेकॉर्ड झालेला ऑर्केस्ट्रा घ्यावा, त्यावर निदान एक शॉर्टफिल्म शेवटच्या टायटलपर्यंत पुरी करावी, आणि तोपर्यंत पाकिटाला हात लावू नये.

'फुकट' म्हटलं की लोक नाक मुरडतात, पण तो जमाना गेला. २०१९ साली स्पिटफायर ऑडिओने बीबीसी सिम्फनी ऑर्केस्ट्रा लंडनच्या मैडा व्हेल स्टुडिओत रेकॉर्ड करून लायब्ररी काढली. तिची सगळ्यात मोठी आवृत्ती सहाशे जीबीच्या घरात जाते. सगळ्यात धाकटी, 'डिस्कव्हर', साधारण दोनशे एमबीची आहे आणि ती विनामूल्य मिळते. वादक तेच, खोली तीच. फक्त माईकचं मिश्रण एकच आणि वाजवण्याचे प्रकार मोजके. शिवाय धाकट्या आवृत्तीवर केलेलं काम पुढे मोठ्या आवृत्तीवर चढवता येतं. ज्यांना स्टाफ नोटेशन वाचता येतं त्यांच्यासाठी म्यूझस्कोअर आहे. २०२२च्या डिसेंबरात आलेल्या त्याच्या चौथ्या आवृत्तीबरोबर म्यूझ साउंड्स नावाचे ऑर्केस्ट्राचे आवाज मिळू लागले, तेही पैसे न देता. स्वरलिपी लिहायची आणि ऐकायची, शिकायला याहून चांगलं साधन मला ठाऊक नाही.

एकाच खोलीचा आग्रह का? कारण आपण लायब्ररी विकत घेतो म्हणजे वाद्यांबरोबर खोलीही विकत घेतो. व्हिएन्ना सिम्फॉनिक लायब्ररीने सुरुवातीला आपली वाद्यं मुद्दाम घुमारा नसलेल्या जागेत रेकॉर्ड केली. त्या जागेला ते 'सायलेंट स्टेज' म्हणतात. घुमारा नंतर आपण आपल्या हाताने घालायचा. ऑर्केस्ट्रल टूल्सची बर्लिन मालिका बर्लिनच्या टेल्डेक्स स्टुडिओत झाली, तिथला घुमारा प्रत्येक सुराला चिकटूनच येतो. दोन्ही पद्धतींचे आपापले फायदे आहेत. पण नवशिक्याने स्वस्तात मिळाले म्हणून व्हायोलिन एकीकडून, ब्रास दुसरीकडून आणि ताल तिसरीकडून आणले की काय होतं? व्हायोलिनवाले हॉलमध्ये, ट्रम्पेटवाले कपाटात आणि नगारे डोंगरावर! ते एका जागी बसवायला मिक्सिंगचा चांगला सराव लागतो. तोच नसताना ही डोकेदुखी अंगावर का घ्यायची?

आता डेमोबद्दल. कंपनीच्या डेमोत जे संगीत वाजतं ते त्या लायब्ररीला जे उत्तम जमतं तेवढंच वापरून, मुरलेल्या संगीतकाराने लिहिलेलं असतं. तुमचा सीन त्या लायब्ररीसाठी लिहिलेला नसतो. डेमोत बहुतेक वेळा घोडे उधळत असतात, नगारे धडाडत असतात, जग बुडत असतं. आणि तुमच्या शॉर्टफिल्ममध्ये? आजी गॅसजवळ उभी आहे, नातू म्हणतो "मी उद्या निघतोय", आजी काही बोलत नाही. त्या न बोलण्याखाली तुम्हाला सुरांची एक पातळ साय धरायची असते. तिथे साठ वादकांची गर्जना घेऊन काय करणार?

म्हणून लायब्ररी पारखताना मी आधी तिचं हळू वाजणं ऐकतो. इथे एक गंमत आहे. जोरात वाजवलेल्या व्हायोलिनचा आवाज बारीक केला तर ते 'हळू वाजवलेलं व्हायोलिन' होत नाही. टीव्हीवर कुणी ओरडत असताना रिमोटने आवाज कमी करून बघा. तो माणूस कुजबुजत नाही, लांबून ओरडतो. हळू वाजवण्याचा पोत वेगळाच असतो आणि तो वेगळा रेकॉर्ड करावा लागतो. तो नीट केला आहे का, एवढं संवादांच्या चित्रपटासाठी पुरेसं महत्त्वाचं आहे.

त्यानंतर तीन परीक्षा. पहिली, एक संथ चाल, सूर एकमेकांत मिसळत जाणारी, म्हणजे लेगाटो. दोन सुरांमधला सांधा ऐकू येतो का? चांगल्या लायब्ऱ्यांत तो सांधाही खरा वाजवून रेकॉर्ड केलेला असतो. त्याची किंमत म्हणजे सूर किंचित उशिरा पोचतो आणि आपल्याला तो तालाच्या थोडा आधी सरकवावा लागतो. दुसरी, जलद तुटक सुरांची ओळ. एकाच सुराचा एकच तुकडा पुन:पुन्हा वाजला तर मशीनगन सुटल्यासारखं वाटतं. ते टाळायला प्रत्येक सूर अनेकदा वाजवून घेतात आणि आळीपाळीने वापरतात, याला राउंड रॉबिन म्हणतात. तिसरी, एकच लांब सूर, लहानाचा मोठा होऊन परत विरत जाणारा. हा पट्टी किती जोरात दाबली यावर ठरत नाही, कीबोर्डच्या डावीकडच्या मॉड व्हीलवर ठरतो. आपल्याकडे हे समजावून सांगणं अगदी सोपं आहे: उजवा हात पट्ट्यांवर आणि डावा भात्यावर. पेटी वाजवलेल्या माणसाला मॉड व्हील शिकवावं लागत नाही! नवशिक्यांचं काम 'कॉम्प्युटरवर केलेलं' वाटतं त्यात लायब्ररीचा दोष फार थोडा असतो. त्यांचा भाता हलत नसतो.

आणि श्वास. कॉम्प्युटरमधली बासरी तीन मिनिटं न थांबता वाजते, कारण तिला फुप्फुसं नाहीत. खरा बासरीवाला वाक्य संपलं की श्वास घेतो. व्हायोलिनचा सगळ्यात खालचा सूर ठरलेला आहे, त्याच्या खाली ते जात नाही. ट्रम्पेटवाल्याचे ओठ थकतात. या गोष्टी सहाशे जीबीमध्ये मिळत नाहीत. त्या समोर बसून बघाव्या लागतात. मुंबईत एनसीपीएमध्ये २००६ पासून सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे. जमेल तेव्हा त्यांचा एक कार्यक्रम स्वस्तातल्या स्वस्त तिकिटावर ऐका. कुठल्या ओळीला कोण वाजवतंय आणि कोण नुसतं बसून आहे, एवढंच बघा. अर्धा ऑर्केस्ट्रा बराच वेळ गप्प बसलेला असतो. आपण मात्र पैसे भरले म्हणून सगळ्यांना सतत वाजवायला लावतो :)

तिघांपैकी एकाने मला विचारलं होतं, "सैराटसारखा आवाज कुठल्या लायब्ररीत मिळेल?" मी म्हटलं, कुठल्याच नाही. २०१६च्या त्या चित्रपटासाठी अजय-अतुल यांनी हॉलिवूडमधल्या सोनीच्या स्टुडिओत जिवंत ऑर्केस्ट्रा बसवून रेकॉर्डिंग केलं होतं. तो आवाज माणसांचा आहे. आणि माणसांसमोर ठेवायचे कागद आधी कुणीतरी विचार करून लिहिलेले आहेत. लायब्ररी बदलून तो विचार येत नाही.

इथे जरा मागे जावंसं वाटतं. आपल्या हिंदी चित्रपटांच्या गाण्यांमागे मुंबईत अनेक वर्षं मोठमोठे जिवंत वाद्यवृंद होते आणि त्यांत गोव्याचे वादक आणि अरेंजर फार मोठ्या संख्येने होते. सॅबेस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस ही त्यातली ठळक नावं. माजोर्ड्याच्या या गोन्साल्विसांकडे प्यारेलाल व्हायोलिन शिकले. १९७७च्या 'अमर अकबर अँथनी'मधल्या त्या सुप्रसिद्ध गाण्यातलं नाव शिष्याने गुरूला केलेला मुजरा आहे. पुढे सिंथेसायझर आले, एकेक वाद्य वेगवेगळं रेकॉर्ड करायची सोय झाली आणि त्या वादकांपैकी अनेकांचं काम आटत गेलं. आपल्या लायब्ऱ्या याच वाटेवरचा पुढचा टप्पा आहेत. मी रोज वापरतो, तेव्हा सोवळेपणा करत नाही. शॉर्टफिल्मच्या बजेटमध्ये चाळीस व्हायोलिनं येणार नाहीत, हे मलाही कळतं.

पण एक येतं. आणि हाच माझा मुख्य मुद्दा आहे.

पाश्चात्त्य ऑर्केस्ट्राच्या लायब्ररीत सूर पियानोच्या पट्ट्यांसारखे पायऱ्या-पायऱ्यांनी ठेवलेले असतात. मींड, गमक, कोमल गंधाराला अलगद लागून परत येणं हे त्यात नसतं. थोडीफार कसरत करून ते 'केल्यासारखं' दाखवता येतं आणि लगेच उघडं पडतं. आपल्या मातीतल्या कथेची चाल जर तिथेच अडत असेल तर तीस हजारांची आणखी एक लायब्ररी घेऊन ती सुटणार नाही. लायब्ररीच्या मागच्या सुरांवर एकच खरा व्हायोलिनवाला किंवा बासरीवाला मुख्य चाल वाजवून गेला, की सगळा मागचा पसारा जिवंत वाटायला लागतो. कान त्या एका माणसाच्या मागे जातो आणि बाकीच्यांना माफ करतो.

म्हणून ते साठ हजार कसे खर्च करावेत याचं माझं गणित असं. ऑर्केस्ट्रा फुकटचा. कॉम्प्युटरला पुरेशी रॅम आणि एक एसएसडी, कारण या लायब्ऱ्या सुराचा पहिला तुकडाच रॅममध्ये ठेवतात आणि उरलेला वाजता वाजता डिस्कवरून ओढतात. डिस्क मंद असेल तर सूर अडखळतो. ऐकायला बरा हेडफोन. उरलेली रक्कम एका वादकासाठी आणि अर्ध्या दिवसाच्या लहान स्टुडिओसाठी राखून ठेवायची. वादकाला ठरलेले पैसे ठरलेल्या वेळी द्यायचे. "एक्स्पोजर मिळेल" म्हणायचं नाही.

एक फिल्म पुरी झाली की तुम्हाला नेमकं ठाऊक असेल काय कमी पडलं. चेलो फार पातळ वाटला? मग चांगल्या चेलोसाठी पैसे द्या, सेलमध्ये द्या, खुशाल द्या. पण दोन गोष्टी आधी वाचून घ्या. बऱ्याच कंपन्यांची लायब्ररी एकदा घेतली की नको झाली तरी दुसऱ्याला विकता येत नाही. आणि महिन्याच्या वर्गणीवर जिथे सगळं मिळतं तिथे वर्गणी थांबली की आवाज थांबतात. जुनी फाईल उघडाल तर ऑर्केस्ट्रा घरी गेलेला असेल. म्हणून वर्गणीवर काम करणाऱ्याने प्रत्येक वाद्याचा ट्रॅक ऑडिओ म्हणून काढून ठेवावा.

मावशी, तू हे वाचत असशील तर लेकीला सेलची जाहिरात दाखवू नकोस. तिला तुझ्या ओळखीच्या त्या व्हायोलिन शिकवणाऱ्या बाईंचा नंबर दे.