नोंदीबाहेरचे लव्हाळे

ठाणे खाडीकाठी कांदळवन संपून मिठागरांचे जुने बांध सुरू होतात, त्या दरम्यानच्या पट्ट्याकडे बहुतेक जण 'मोकळी जागा' म्हणूनच पाहतात. प्रत्यक्षात पावसाळ्यानंतर तेथे लव्हाळे, मोथे आणि त्यांचे भाईबंद दाटलेले असतात. दुरून ते गवत वाटते. पण देठ दोन बोटांत फिरवला की फरक कळतो. गवताचा देठ गोल, बहुधा पोकळ आणि पेरांचा. मोथ्याचा बहुतेकदा तीनधारी आणि भरीव. (उद्यानाच्या हिरवळीतून आपण मोथा तण म्हणून उपटतो आणि दिवाळीत त्याच्याच कुळातला नागरमोथा उटण्यातून अंगाला लावतो!)

हे कुळ चिखलात तगते, कारण देठांतील स्पंजासारखा गर मुळांपर्यंत प्राणवायू पोहोचवतो. त्यावर जगणारे जिवाणू सांडपाण्यातील घाणीचे विघटन करतात. आडव्या खोडांचे जाळे गाळ धरून ठेवते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, तेव्हा पाण्याला पसरायला जागा नसणे म्हणजे काय, हे मुंबईकरांनी अनुभवले आहे.

त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवनांची तोड रोखली. २०१५ मध्ये खाडीत फ्लेमिंगो अभयारण्य झाले, २०२२ मध्ये ती रामसर यादीत गेली. लव्हाळ्यांच्या वाट्याला मात्र असे काही आले नाही. किनारा नियमनाची २०१९ची अधिसूचना क्षारदलदलीला संरक्षण देते. पण बांधाच्या आत, पावसाच्या ओलीवर वाढलेल्या लव्हाळ्यांना त्या व्याख्येत बसवणे कठीण. पाणथळ जागांचे २०१७चे नियम तर मिठासाठी बांधलेले जलसाठे वगळूनच टाकतात. दोन्ही तरतुदींच्या फटीत हा पट्टा सापडला आहे. राज्य सरकारने २०२४ मध्ये मुंबईतील सुमारे २५६ एकर मिठागर जमीन पुनर्वसनाच्या घरांसाठी वापरण्याचा निर्णय घेतला असताना तेथे काय उगवते, हा प्रश्न किरकोळ ठरत नाही. घरांची गरज खरीच आहे. पण कशाच्या बदल्यात, हे तरी ठाऊक हवे.

अडचण ऋतूचीही आहे. कांदळवन बारमाही हिरवे, उपग्रहाच्या छायाचित्रात ठळक दिसते. मोथे मात्र उन्हाळ्यात वाळतात, जीव जमिनीखालच्या कंदांत उरतो. पाहणी एप्रिल-मेमध्ये झाली, तर अहवालात 'ओसाड' हा शब्द येणारच. ती सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, वनस्पतितज्ज्ञ सोबत घेऊन व्हावी आणि तिचा नकाशा भरावाची परवानगी देण्याआधी लोकांसमोर ठेवावा. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, एक पावसाळा थांबावे लागेल.