शिक्का वाचावा की पट्टी लावावी?

आमच्या महाविद्यालयात स्नेहसंमेलनाच्या तालमीच्या वेळी घडलेली एक लहानशी गोष्ट तुम्हांला सांगतो. अकरावीतील एक मुलगी आपली इलेक्ट्रिक गिटार घेऊन आली होती. तिचा हात तयार होता. ऐकणारे माना डोलावत होते. तेवढ्यात एका मुलाने गिटारीच्या मागचा शिक्का वाचला आणि तो म्हणाला, "अगं, ही तर इंडोनेशियाची! अमेरिकन असती तर गोष्ट वेगळी." दुसऱ्या दिवशी त्या मुलीने आपली गिटार आणलीच नाही. कोणाची तरी अमेरिकन गिटार ती मागून घेऊन आली, आणि तिची बोटे अडखळू लागली.

मी पदार्थविज्ञान शिकवतो. गिटार मला वाजवता येत नाही. तरीही त्या मुलाचे वाक्य मला खटकले. ते होते एक मत, पण बोलले गेले मोजमाप केल्याच्या थाटात.

मोजायचे तर काय मोजायचे? तारेचा सूर तीन गोष्टींवर ठरतो : तिची लांबी, तिच्यातील ताण आणि तिचे दर मीटरला असणारे वस्तुमान. सतारीला पडदे असतात तशा गिटारीच्या दांडीवर धातूच्या आडव्या पट्ट्या असतात. त्यांना फ्रेट म्हणतात. सतारीचे पडदे सरकवता येतात. गिटारीचे फ्रेट पक्के बसवलेले असतात. जागा चुकली की सहज सुधारत नाही.

आता थोडे गणित करू. १९५४ साली बाजारात आलेल्या फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टर गिटारीत तारेची लांबी ६४८ मिलिमीटर धरलेली आहे. बाराव्या फ्रेटवर ती निम्मी, म्हणजे ३२४ मिलिमीटर होते, आणि सूर बरोबर दुप्पट चढतो. सर्वांत बारीक तार मोकळी असताना सेकंदाला सुमारे ३३० कंपने करते. बाराव्या फ्रेटवर ६६०. समजा, हा फ्रेट एक मिलिमीटर चुकला. लांबीत ३२४ भागांत एका भागाचा फरक पडेल, आणि सेकंदाला सुमारे दोन कंपनांचा. बिनचूक गिटारीबरोबर ही वाजवली, तर आवाज सेकंदाला दोनदा कमीजास्त होताना ऐकू येईल. ही चूक कॅलिफोर्नियात झाली काय किंवा जावा बेटावर झाली काय, कानाला सारखीच टोचणार!

दुसरे अंग विजेचे. तारांखाली चुंबक असतात आणि त्यांच्याभोवती केसाइतक्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची पोलादी तार थरथरली की वेटोळ्यातील चुंबकक्षेत्र बदलते आणि विद्युतदाब निर्माण होतो. फॅरडेने १८३१ साली दाखवलेले हे तत्त्व कोणत्याही देशाच्या सरहद्दीपाशी थांबत नाही. वेढे किती आणि चुंबक केवढा, एवढेच त्याला समजते.

"पण सर, अमेरिकन गिटारी चांगल्या असतात हे सगळेच म्हणतात," असे तुम्ही म्हणाल. तेव्हा थोडा इतिहास पाहू. दुसऱ्या महायुद्धानंतर 'जपानी माल' म्हणजे स्वस्त आणि तकलादू, अशी समजूत जगभर होती. १९५० साली अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ डेमिंग यांनी जपानी अभियंत्यांना मोजमापांच्या आधारे दर्जा कसा राखावा यावर व्याख्याने दिली, आणि तेथील उद्योगांनी ती पद्धत मनावर घेतली. १९७७ साली गिब्सनच्या मालक कंपनीने जपानी आयबानेझ गिटारींच्या अमेरिकेतील विक्रेत्यावर नक्कल केल्याचा दावा लावला. १९८२ मध्ये तर खुद्द फेंडरने जपानमधील मात्सुमोतो येथे आपल्या गिटारी बनवून घ्यायला सुरुवात केली. देश तोच, पण शिक्क्याचा अर्थ तीस वर्षांत उलटा झाला!

याच्या उलटही घडले. १९६५ साली फेंडर कंपनी सीबीएस या बड्या कंपनीने विकत घेतली. पुढच्या काळात दर्जा घसरला, अशी वादकांची तक्रार होती. त्यापूर्वीच्या गिटारींना आजही मोठी किंमत येते. देश तोच, नावही तेच. बदलले होते ते कारखान्यातील काम.

शिवाय 'अमेरिकन' गिटार तरी किती अमेरिकन? बोटे जिच्यावर फिरतात ती काळसर पट्टी अनेक वर्षे आपल्या देशातील शिसवी लाकडाची असे. आजोबांच्या जुन्या पलंगाचे लाकूड आणि परदेशी गिटारीची पट्टी एकाच जातीच्या झाडाची असू शकते.

मग देशाला काहीच अर्थ नाही का? तसेही म्हणता येणार नाही. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ते पिढ्यान्‌पिढ्या तेथे साचलेल्या कौशल्यामुळे. मात्र ते कौशल्य कारागिराच्या हातात असते. नुसत्या गावाच्या नावाने वाद्य सुरेल होत नाही. दुसरे कारण पैशाचे. जेथे मजुरी कमी, तेथे कंपन्या आपले स्वस्त नमुने बनवून घेतात. स्वस्त नमुन्यात लाकूड, चुंबक आणि घासकाम यांत काटकसर होते. म्हणजे शिक्का बहुधा किंमत सांगतो आणि आपण त्याला दर्जा समजतो. विज्ञानाच्या विद्यार्थ्याने या दोन गोष्टींत गल्लत करू नये.

माझे मत असे : देशाचे नाव हा अंदाज आहे. वस्तू समोर नसेल तेव्हा तो उपयोगी पडतो. वस्तू हातात आल्यावर बाजूला ठेवावा. २०१० साली अमेरिकेत एकवीस निष्णात वादकांना डोळ्यांवर काळे चष्मे लावून जुनी इटालियन आणि नवी व्हायोलिने वाजवायला दिली, तेव्हा सर्वांत जास्त पसंती एका नव्या व्हायोलिनला मिळाली, आणि सर्वांत कमी स्ट्रॅडिव्हारियसच्या एका व्हायोलिनला!

त्या दोन्ही गिटारी मी प्रयोगशाळेत मागवल्या. मुलांनी पोलादी पट्टीने फ्रेटची अंतरे मोजली. दोन्हींत पट्टीला दिसेल अशी चूक निघाली नाही. इंडोनेशियाच्या गिटारीची एक खुंटी सैल होती. अमेरिकन गिटारीच्या तारा फ्रेटपासून फार उंच होत्या. त्या दाबताना ताण वाढून सूर चढत होता आणि बोटेही दमत होती. पेच थोडे फिरवल्यावर तोही दोष गेला. दोन्ही दोष जुळणीचे होते, देशाचे नव्हते. संमेलनात त्या मुलीने आपलीच गिटार वाजवली. शिक्का वाचणाऱ्या मुलाने मोजमापांचा तक्ता स्वतः लिहिला, याचा मला अधिक आनंद झाला.

शिक्षक मित्रांना एक विनंती. आपल्या प्रयोगशाळेत 'परदेशी' म्हणून कपाटात जपलेला एखादा व्हर्नियर कॅलिपर असेलच. तो आणि शेजारचा देशी, दोन्ही मुलांच्या हातात द्या आणि शून्याची त्रुटी तपासायला सांगा. निघेल ते उत्तर वहीत लिहू द्या. मात्र बनावटीच्या नावावर तोपर्यंत कागद चिकटवून ठेवा.