बसऱ्याच्या भिंतीवर नसलेली नावे

फिलिपाइन्समधील बटान येथे १९४२ साली ज्या रस्त्याने युद्धकैद्यांना उपाशीपोटी चालवीत नेले, त्या रस्त्याच्या कडेला आज जागोजाग स्मृतिस्तंभ उभे आहेत. बोर्निओतील सांडाकान ते रानाऊ ही युद्धकैद्यांची रानवाटही अभ्यासकांनी चिकाटीने धुंडाळून काढली आहे. परंतु ज्या वाटेवर मराठी पलटणींतील शिपायांनी कैदी म्हणून प्राण सोडले, त्या कुटच्या वाटेचा शोध आपल्याकडे कोणी मनावर घेतलेला दिसत नाही, याचा मला मनस्वी विषाद वाटतो.

पहिल्या महायुद्धात ब्रिटिश हिंदी सैन्याची सहावी पुणे डिव्हिजन आजच्या इराकातील कुट-अल-अमारा येथे सुमारे पाच महिने वेढ्यात सापडून, अन्नान्न दशा होऊन, २९ एप्रिल १९१६ रोजी तुर्कांना शरण गेली. कैद झालेल्या सुमारे तेरा हजार माणसांत बहुसंख्य हिंदी होती आणि त्यांत १०३, ११० व ११७ या क्रमांकांच्या तीन मराठा पलटणी होत्या. डिव्हिजनचे सेनापती टाउनशेंड यांची रवानगी कॉन्स्टँटिनोपलजवळच्या बेटावर सन्मानाने झाली. शिपायांच्या वाट्याला मात्र टायग्रिसच्या काठाने बगदाद, पुढे काही अंतर आगगाडी, आणि मग तिक्रीत, मोसूल, नुसैबिन असे करीत रास-अल-ऐनपर्यंतचे उन्हातले चालणे आले. दगडासारखी टणक बिस्किटे हाच शिधा, आणि तोही पुरेसा न मिळाल्याने अंगावरचे कपडे व पायांतले बूट विकून लोक भाकरी घेत. जे रास-अल-ऐनला जिवंत पोहोचले त्यांना बगदाद रेल्वेच्या कामावर जुंपण्यात आले. बंगाली शुश्रूषापथकातील शिशिर सर्वाधिकारी यांनी आपल्या रोजनिशीचे फाडलेले कागद बुटांत दडवून आणले व पुढे त्यांवरून ग्रंथ सिद्ध केला, म्हणून एका हिंदी माणसाच्या लेखणीतून हा प्रवास आपल्याला कळतो.

त्या वाळवंटात आता काय सापडणार? वाटेत पडलेल्यांना बहुधा खड्डाही लाभला नाही. ज्यांची थडगी अज्ञात राहिली अशा चाळीस हजारांहून अधिक मृतांसाठी १९२९ साली बसऱ्याचे स्मारक उभे राहिले; परंतु तेथे गोऱ्या शिपायांची नावे कोरली गेली, हिंदी अधिकाऱ्यांचीही गेली, आणि हिंदी शिपाई मात्र पलटणीच्या नावाखाली केवळ एका आकड्यात जमा झाला. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने २०२१ साली या विषमतेची जाहीर कबुली दिली आहे.

आणि तरीही त्या शिपायाचे नाव पुसले गेलेले नाही. महायुद्धानंतर सरकारने मृताच्या वारसाकडे तळहाताहून मोठी, काशाची वाटोळी तबकडी धाडली. तिच्यावर सिंहासह उभी ब्रिटानिया आणि चौकटीत हुद्दा वगळून मृताचे उठावदार नाव. बसऱ्याच्या दगडाने जे नाव नाकारले, तेच कोकणातल्या किंवा साताऱ्याकडच्या एखाद्या घराच्या फडताळात धातूवर जसेच्या तसे उभे असते. या मोहिमेचा खरा अवशेष मला तो वाटतो. त्यातल्या कित्येक तबकड्या भंगारात वजनावर गेल्या असतील, याची कल्पनाही सहन होत नाही.

इंदूरकर मराठी माणसाला हे सारे दूरचे वाटण्याचे कारण नाही. महूची छावणी इंदूरहून हाकेच्या अंतरावर आहे. डॉ. आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ यांच्यासारखी कोकणातली फौजी माणसे नोकरीनिमित्त तेथे राहिली आणि अशा घराण्यांचे वंशज आजही माळव्यात आहेत. त्यांच्या ट्रंकांतून पदके, पेन्शनचे दाखले, जीर्ण कार्डे असतील. येथील मराठी संस्थांनी उत्सवांच्या धामधुमीतून सवड काढून एक दप्तर उघडावे, त्यात प्रत्येक तबकडीचे छायाचित्र, पदकाच्या कडेवर कोरलेला शिपायाचा क्रमांक व पलटण, आणि घरात सांगितली जाणारी हकीकत नोंदवून घ्यावी, कागद मूळ मालकाकडेच ठेवावेत, आणि अशा याद्या पुणे, सातारा, रत्नागिरी येथेही तयार करवून, बसऱ्याच्या आकड्यांच्या जागी नावे कोरण्याची मागणी साधार पुराव्यानिशी आयोगापुढे मांडावी.